गिटारचा रियाज आणि कर्मयोग

गिटार शिकणाऱ्याची उमेद बहुधा पहिल्या वर्षातच कसोटीला लागते. हौसेने आणलेले वाद्य काही महिन्यांनी कपाटावर जाते आणि शिकणारा स्वतःला आळशी ठरवून विषय मिटवतो. हा निवाडा घाईचा असतो. माणूस एखाद्या कामाला का लागतो, लागल्यावर ते का सोडतो आणि फळ दूर असताना कशाच्या बळावर टिकून राहतो, हे प्रश्न स्वभावदोषाच्या पलीकडचे, तत्त्वविचाराचे आहेत. भारतीय परंपरेने प्रवृत्ती, अभ्यास आणि फलाशा या तीन अंगांनी त्यांचा कसून विचार केला आहे. रत्नागिरीशी तर या विचाराचा जवळचा संबंध आहे. फलाशेच्या प्रश्नाचा मराठीत सर्वांत सविस्तर ऊहापोह करणाऱ्या ‘गीतारहस्य’ या ग्रंथाचे कर्ते बाळ गंगाधर टिळक २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत जन्मले. टिळक आळीतले त्यांचे जन्मघर आजही जपलेले आहे.

वाद्याची अडचण

उमेद का खचते हे समजण्यासाठी आधी वाद्य पाहायला हवे. गिटारला सहा तारा असतात. रूढ पद्धतीने त्या जाड तारेकडून बारीक तारेकडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा स्वरांत लावतात. उजव्या हाताने वाजवणारा डाव्या हाताच्या बोटांनी फ्रेटच्या लगत तार दाबतो आणि उजव्या हाताने ती छेडतो. पेटीवर पट्टी दाबली, भात्यात हवा असली की स्वर तयार मिळतो. गिटारवर मात्र प्रत्येक स्वर दोन हातांच्या मेळातून घडवावा लागतो. बोट जरा मागे पडले तर तार खरखरते, शेजारच्या तारेला टेकले तर तीही मुकी होते.

स्टीलच्या तारांमुळे पहिले काही आठवडे बोटांची टोके दुखतात. कातडी निबर झाली की दुखणे थांबते. त्यानंतर ई मायनर, ए मायनर, सी, जी, डी अशा कॉर्ड हाताखाली येतात, पण एकीवरून दुसरीवर वेळेत पोचता येत नाही आणि गाणे अडखळते. पुढचा अडसर एफ मेजरच्या बार कॉर्डचा. तिथे तर्जनी आडवी धरून पहिल्या फ्रेटवर सहाही तारा एकदम दाबाव्या लागतात. अनेकांचे शिकणे नेमके याच कॉर्डपाशी थांबते.

कोकणात यात हवामानाची भर पडते. जून ते सप्टेंबर या काळात रत्नागिरीची हवा ओलीचिंब असते आणि समुद्राचा खारेपणा त्यात मिसळलेला असतो. तारा लवकर गंजतात, लाकूड ओल धरून फुगते, तारा फ्रेटपासून उंच जातात आणि तीच कॉर्ड दाबायला अधिक जोर लागतो. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या कापडाने पुसणे आणि वाद्याच्या पेटीत ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवणे हे इथल्या शिकणाऱ्याला पहिल्या दिवसापासून सांगायला हवे. आपलाच हात बिघडला अशी जी निराशा पावसाळ्यात येते, तिचे कारण पुष्कळदा वाद्याच्या लाकडात असते.

प्रवृत्ती कशाने होते

माणूस कृतीला कसा प्रवृत्त होतो, याचे नेमके विश्लेषण न्यायदर्शनाने केले आहे. सतराव्या शतकातल्या विश्वनाथ पंचाननांच्या ‘भाषापरिच्छेद’ या ग्रंथात ते सुटसुटीतपणे मांडलेले आहे. त्यानुसार प्रवृत्तीमागे चार कारणे असतात. पहिले चिकीर्षा, म्हणजे ते काम करण्याची इच्छा. दुसरे, हे काम माझ्या प्रयत्नाने होण्यासारखे आहे हे ज्ञान. तिसरे, हे काम मला हव्या असलेल्या गोष्टीचे साधन आहे हे ज्ञान. चौथे, ज्या सामग्रीतून काम घडायचे ती प्रत्यक्ष समोर असणे. याखेरीज त्या कामातून लाभापेक्षा मोठे अनिष्ट ओढवणार नाही, अशीही खात्री लागते.

या चौकटीत गिटारवरची उमेद तपासली की ‘मन लागत नाही’ या मोघम तक्रारीचे वेगवेगळे भाग दिसू लागतात. इच्छा असूनही माणूस बसत नाही, तेव्हा बहुधा दुसरे कारण ढासळलेले असते. दहा वर्षे वाजवणाऱ्याचे गाणे पहिल्या महिन्यात हाती घेतले की ‘हे माझ्याने होणार नाही’ ही खात्री पक्की होते. त्यावर धीराच्या शब्दांचा उपयोग नसतो. काम लहान करावे लागते. संपूर्ण गाण्याऐवजी दोन कॉर्डमधला एकच बदल, तोही मेट्रोनोमच्या संथ ठोक्यावर, इतके ठरवले की कृतिसाध्यतेची, म्हणजे ‘हे माझ्या प्रयत्नाने होते’ याची, प्रतीती त्याच बैठकीत येते.

तिसरे कारण ढासळते तेव्हा शिकणारा वाजवत राहतो, पण कशासाठी ते त्याला दिसत नाही. बोटांचे व्यायाम आणि आवडते गाणे यांतला दुवा शिक्षकाने उलगडून दाखवला नाही, तर व्यायाम शिक्षेसारखे वाटतात. चौथे कारण दिसायला क्षुल्लक, परिणामाने मोठे. पिशवीत घालून माळ्यावर ठेवलेले वाद्य प्रवृत्ती जागी करत नाही. खोलीत हाताशी, स्टँडवर, सुरात लावून ठेवलेले वाद्य ती जागी करते. सामग्रीचे दर्शन हे प्रवृत्तीचे कारण आहे असे नैयायिक म्हणतात, त्याचा घरगुती अर्थ इतका सरळ आहे.

अनिष्टाची अटही महत्त्वाची आहे. मनगटात किंवा दंडात कळ येत असताना जिद्दीने वाजवणे हे धैर्याचे लक्षण मानू नये. बोटाच्या टोकाची जळजळ आणि सांध्याची कळ यांत फरक आहे. पहिली सरावाने जाते, दुसरी सरावाने वाढते. तेव्हा थांबणे हाच विवेक होय.

कर्तव्याची जाणीव आणि वाडीतला मृदंग

इष्ट मिळेल म्हणून माणूस प्रवृत्त होतो, हे नैयायिकांचे मत मीमांसकांतल्या प्रभाकर परंपरेला मान्य नव्हते. त्यांच्या मते ‘हे मला करायचे आहे’ ही कर्तव्याची जाणीवच प्रवृत्तीला पुरेशी असते. फळाचा हिशेब करूनच माणूस हलतो असे मानले, तर वैदिक विधींचे बंधकत्व फळावर अवलंबून राहील, ही त्यांची अडचण होती. वाद विधिवाक्यांच्या अर्थाविषयीचा होता, पण त्यात माणसाच्या स्वभावाचे एक खरे निरीक्षण आहे. ज्याचा दिवस ठरलेला आहे आणि ज्याची कोणी वाट पाहत आहे, ते काम इच्छेच्या चढउतारांवर फारसे अवलंबून राहत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावांत याचे उदाहरण दरवर्षी दिसते. शिमग्यातले नमन-खेळे, गणपतीतली जाखडी, वाडीवाडीवरची भजने यांत मृदंग, ढोलकी, पखवाज, पेटी आणि टाळ वाजतात. ते वाजवणाऱ्यांतले बहुतेक जण शेती, मासेमारी किंवा नोकरी सांभाळून शिकलेले असतात. पोर मोठ्यांच्या मागे बसून टाळ धरते, मग कधीतरी मृदंगावर हात टाकते, आणि पुढे एके वर्षी वाजवायची पाळी त्याच्यावर येते. उमेद कशी टिकवावी हा प्रश्न तिथे क्वचितच निघतो, कारण सणाची तिथी ठरलेली असते आणि वाडी वाट पाहत असते.

मोबाइलच्या पडद्यासमोर एकट्याने गिटार शिकणाऱ्याला असे बंधन नसते. त्याची वाट पाहणारे कोणी नसते, म्हणून इच्छा ओसरली की सगळेच थांबते. त्यावर उपाय मनाला दटावण्याचा नाही, बंधन मुद्दाम निर्माण करण्याचा आहे. आठवड्यातून एकदा कोणाबरोबर तरी वाजवणे, घरच्या आरतीला साथ करणे, शाळा-कॉलेजच्या स्नेहसंमेलनात एका गाण्याची जबाबदारी घेणे, यांतून कर्तव्याची जाणीव तयार होते. ऐकण्याचेही तसेच. रत्नागिरीत खल्वायन या संस्थेच्या संगीत सभा होतात, आर्ट सर्कल या संस्थेचा संगीत महोत्सव थिबा राजवाड्याच्या आवारात भरतो. अशा ठिकाणी वेगळ्या वाद्याचा आणि वेगळ्या शैलीचा कलावंत ऐकला तरी कान तयार होतो, आणि आपण एका मोठ्या संगतीचे भाग आहोत ही जाणीव घेऊन शिकणारा घरी परततो.

फलाशा आणि हेतू

आता मुख्य प्रश्न. गीता सांगते की अधिकार कर्मावर आहे, फळावर नाही. फळाची इच्छाच सोडली तर माणूस रोज अर्धा तास बोटे दुखवून घेईल कशाला? निष्काम कर्म ही मानसशास्त्रीयदृष्ट्या अशक्य गोष्ट आहे, असा आक्षेप पुष्कळदा घेतला जातो.

टिळकांनी ‘गीतारहस्या’त या आक्षेपाचा सविस्तर विचार केला आहे. त्यांच्या मते गीता कर्म सोडायला सांगत नाही आणि कर्माचा हेतू ठरवायलाही मनाई करत नाही. विचारपूर्वक उद्दिष्ट ठरवणे, साधने जुळवणे, यश येईल अशी योजना आखणे हे सर्व कर्मयोगात बसते. सोडायची आहे ती आसक्ती: हे फळ मलाच, याच वेळी, याच रूपात मिळाले पाहिजे हा हट्ट, आणि न मिळाल्यास कर्मच टाकून देण्याची मनाची तयारी. हेतू कर्माला दिशा देतो, आसक्ती मात्र कर्माचे मोल फळाच्या हाती सोपवते.

या ग्रंथाच्या जन्मकथेतच या भेदाची प्रचीती आहे. १९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झालेल्या टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात पेन्सिलने हा मजकूर लिहून काढला. लिखाण हाती राहील की नाही, ते छापले जाईल की नाही, यातले काहीच त्यांच्या ताब्यात नव्हते. १९१४ मध्ये सुटका झाली तेव्हाही हस्तलिखिते सरकारकडेच होती, ती पुढे परत मिळाली, आणि १९१५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रंथ लोकांपर्यंत जावा हा हेतू स्पष्ट होता, पण लिहिणे त्या खात्रीवर अवलंबून नव्हते.

गिटारच्या बाबतीत हा भेद असा लावता येतो. ‘गणपतीपर्यंत दोन गाणी नीट वाजवायची’ हा हेतू आहे. तो असावा, कारण त्यावरून आज काय करायचे ते ठरते. ‘दोन महिन्यांत मित्रासारखे वाजवता आले नाही तर माझ्यात काही नाही’ ही आसक्ती आहे. ती रोजच्या रियाजाला रोजची परीक्षा करून टाकते. परीक्षा कोणाला रोज आवडत नाही, म्हणून मन रियाज टाळू लागते. उमेद कमी झाल्यासारखी दिसते, पण वस्तुतः तिच्यावर न पेलणारे ओझे टाकलेले असते.

आधुनिक मानसशास्त्राच्या एका प्रसिद्ध प्रयोगाचा निष्कर्षही या विचाराच्या जवळ जातो. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निसबेट यांनी १९७३ मध्ये बालवाडीतल्या चित्रे काढण्याची आवड असलेल्या मुलांवर हा प्रयोग केला. चित्र काढल्यास बक्षीस देऊ असे ज्यांना आधी सांगितले होते, ती मुले पुढे मोकळ्या वेळात पूर्वीपेक्षा कमी चित्रे काढू लागली. न सांगता बक्षीस मिळालेल्या मुलांची गोडी तशी घटली नाही. फळावर नजर बांधली की कृतीतला स्वतःचा रस आटतो, हे यातून दिसते. परीक्षेचे प्रमाणपत्र किंवा व्हिडिओला मिळणारी दाद यांचा आनंद जरूर घ्यावा, पण रियाजाला बसण्याचे कारण त्यांना करू नये.

गीतेच्या अठराव्या अध्यायात सुखाचे तीन प्रकार सांगितले आहेत. आरंभी विषासारखे वाटणारे आणि परिणामी अमृतासारखे होणारे सुख तिथे सात्त्विक मानले आहे, तर आधी गोड आणि शेवटी कडू होणारे राजस. बार कॉर्डपाशी अडलेल्या शिकणाऱ्याला हे वर्गीकरण पाठ्यपुस्तकातल्या कोणत्याही धड्यापेक्षा नेमके लागू पडते. त्याच अध्यायात सात्त्विक कर्त्याच्या लक्षणांत धृती आणि उत्साह ही दोन्ही एकत्र आली आहेत, आणि यश-अपयशाने न हलणे हेही. फळाची आसक्ती सोडलेला कर्ता उदासीन होतो ही समजूत गीतेला मान्य नाही. तिच्या मते खरा उत्साह त्यालाच टिकवता येतो.

नऊ अडथळे

उमेद खचते ती एकाच रीतीने नाही. पतंजलींच्या योगसूत्रांत चित्ताला विचलित करणारे नऊ अंतराय दिले आहेत. ते ध्यानासाठी सांगितलेले असले तरी वाद्य शिकणाऱ्याला प्रत्येकाची ओळख पटते. व्याधी म्हणजे शरीराचे दुखणे. स्त्यान म्हणजे मनाचे जडत्व, ज्यात वाद्य हाती घेऊनही सुरुवात होत नाही. संशय म्हणजे ‘मला सुराचे अंग आहे का’ ही शंका. प्रमाद म्हणजे निष्काळजीपणा, जसे तारा न लावता वाजवणे. आलस्य म्हणजे शरीराचा सुस्तपणा. अविरती म्हणजे इतर विषयांची ओढ, आणि आज तिचे सर्वांत सोपे साधन खिशातच असते. भ्रांतिदर्शन म्हणजे न आलेली गोष्ट आली असे वाटणे. मूळ ध्वनिमुद्रणाबरोबर वाजवताना आपल्या चुका झाकल्या जातात, तेव्हा हेच घडते. अलब्धभूमिकत्व म्हणजे कष्ट करूनही पुढची पायरी न लाभणे. आणि अनवस्थितत्व म्हणजे लाभलेली पायरी न टिकणे, काल जमलेला कॉर्डबदल आज न जमणे.

शेवटचे दोन अंतराय सर्वाधिक शिकणाऱ्यांना मागे फिरवतात, कारण त्यांत मेहनत करूनही काही होत नाही असे दिसते. पतंजलींनी मात्र त्यांना अभ्यासाने दूर करता येणारे अडथळे मानले आहे. महिनाभर प्रगती न दिसणे हा अपात्रतेचा पुरावा नव्हे. उपाय म्हणून ते एका तत्त्वाचा अभ्यास सुचवतात. गिटारपुरते बोलायचे तर रोज नवा व्हिडिओ, नवी पद्धत, नवे गाणे न धरता काही आठवडे एकच गोष्ट पुरी करणे.

अभ्यास आणि वैराग्य

चंचल मन आवरायचे कसे, या अर्जुनाच्या प्रश्नाला गीतेच्या सहाव्या अध्यायात अभ्यास आणि वैराग्य असे उत्तर आहे, आणि पतंजलीही हीच दोन साधने देतात. अभ्यास दृढ केव्हा होतो, याच्या तीन अटी ते सांगतात: तो दीर्घकाळ असावा, खंड न पडता असावा आणि आदराने केलेला असावा.

पहिली अट अपेक्षा दुरुस्त करते. वाद्य वर्षांच्या हिशेबात येते, आठवड्यांच्या नाही. दुसरी अट वेळेचे मान ठरवते. रविवारी तीन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटे बसणे बोटांना आणि मनाला अधिक मानवते. तिसरी अट सर्वांत दुर्लक्षित आहे. वाद्य पुसून ठेवणे, सुरात लावल्याशिवाय न वाजवणे, दसऱ्याला इतर साधनांबरोबर त्याचीही पूजा करणे, यांतून कामाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. ज्या गोष्टीचा आपण आदर करतो तिच्याकडे परत जाणे मनाला जड जात नाही.

रत्नागिरीजवळच्या पावसचे स्वामी स्वरूपानंद (१९०३–१९७४) यांचे जीवन या तीन अटींचे उदाहरण आहे. स्वातंत्र्य चळवळीत कारावास भोगलेल्या स्वामींचा पुढचा काळ नाजूक प्रकृतीत, पावसमध्येच, नाथपरंपरेच्या सोऽहं साधनेत गेला. श्वासाबरोबर चालणाऱ्या या साधनेला ना सोहळा लागतो ना प्रेक्षक. त्याच शांत जीवनक्रमात ज्ञानेश्वरीच्या हजारो ओव्यांना अभंगरूप देणारी ‘अभंग ज्ञानेश्वरी’ तयार झाली. मोठे काम मोठ्या आवेगानेच होते असे मानणाऱ्याने पावसकडे पाहावे.

खंड पडला तर

सातत्याचा आग्रह धरला की दुसरी भीती उभी राहते: एकदा खंड पडला म्हणजे सगळे वाया गेले. अर्जुनालाही हीच शंका येते. साधना अर्ध्यावर सुटलेल्या माणसाचे काय होते, असे तो विचारतो. त्याला मिळालेले उत्तर आश्वासक आहे. चांगल्या मार्गावर केलेला प्रयत्न फुकट जात नाही, आणि सुटलेला साधक पुन्हा तिथून पुढे चालू लागतो.

संगीताच्या इतिहासात याला मोठा दाखला आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावी येथे १९२४ मध्ये जन्मलेले कुमार गंधर्व बालपणापासून मैफली गाजवत होते. क्षयरोगाने त्यांना ऐन तारुण्यात काही वर्षे गाणे पूर्ण बंद ठेवावे लागले. देवासला राहून त्या काळात त्यांनी माळव्याची लोकगीते ऐकली, त्यांवर चिंतन केले, आणि पुढे लोकधुनांतून नवे राग बांधले. गाता येत नव्हते तेव्हाही ऐकणे चालू होते. परीक्षेमुळे, आजारपणामुळे किंवा पावसाळ्यात वाद्य बिघडल्यामुळे गिटार थांबली, तरी ऐकणे, ताल मोजणे, गाण्याच्या कॉर्ड ओळखणे थांबवण्याचे कारण नसते.

गिटार आणि उपासना

शेवटी एक धार्मिक शंका उरते. अभ्यास, वैराग्य, साधना हे शब्द परदेशी वाद्याला लावणे योग्य आहे का? इतिहासाचे उत्तर निःसंदिग्ध आहे. आज गावोगावच्या भजनात अपरिहार्य झालेली पेटी युरोपातूनच आली. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चला जोडलेल्या शाळांनी पाश्चात्य संगीताची परंपरा रुजवली, आणि तिथले वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताचा कणा बनले. हवाई पद्धतीच्या गिटारवर ब्रिजभूषण काब्रा यांनी रागसंगीत आणले. विश्वमोहन भट्ट यांनी तिच्यातूनच मोहनवीणा घडवली आणि १९९४ मध्ये राय कूडर यांच्यासह ग्रॅमी पुरस्कार मिळवला. वाद्य कोठून आले यावर त्याची पवित्रता ठरत नाही. ते कोणत्या वृत्तीने हाती घेतले जाते, यावर ठरते.

या सर्व विचारांचा निष्कर्ष एका बाजूला झुकतो. उमेद ही रियाजाची पूर्वअट नाही. काम आवाक्यातले ठेवले, वाद्य समोर ठेवले, कोणाची तरी साथ पत्करली, हेतू धरला आणि आसक्ती सैल केली, की रियाज घडतो आणि उमेद त्याच्या मागून येते. म्हणून गिटार शिकणाऱ्याने मन लागण्याची वाट पाहू नये. ठरल्या वेळी वाद्य सुरात लावावे, आजचा एक बदल नीट करावा, प्रगतीचा हिशेब महिन्याने घ्यावा, आणि खंड पडल्यास संकोच न करता पुन्हा बसावे.